'भूमिका' आणि 'बिघाड' : एंडोमेट्रिऑसिसविषयक वैद्यकीय लेखनाची भाषा

१

एंडोमेट्रिऑसिस या विकाराविषयी गेल्या चार दशकांत जे वैद्यकीय लेखन झाले, त्यात एक वाक्य निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा भेटते. 'या विकारात प्रतिकारसंस्थेच्या बिघाडाची आणि दाहाची महत्त्वाची भूमिका आहे' हे ते वाक्य होय. आढावापर लेखांची शीर्षके, प्रबंधांची प्रास्ताविके, रुग्णांसाठी काढलेल्या माहितीपत्रिका या सर्वांत ते आढळते, आणि आता ते इतके अंगवळणी पडले आहे की वाचक त्यावर थांबतही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्यच आहे. ते खरे आहे की खोटे एवढेच येथे पाहावयाचे नसून, ते नेमके काय सांगते, काय सांगावयाचे टाळते आणि त्या टाळण्याचा भार अखेर कोणावर पडतो, याचा विचार करावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे काय, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. प्रयोगशाळेत काय दिसले हे ठरविण्याचा अधिकार त्याचा नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जे दिसले त्यापासून जे अनुमान काढले, ते वाक्याच्या द्वारेच काढलेले असते. कोणत्या नामाला कोणते क्रियापद जोडले, कर्ता कोणाला केले, काळ कोणता वापरला, या गोष्टींतून अनुमानाची वाट ठरते. आणि ही वाट तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम निश्चितच आहे. सूझन सोंटाग यांनी १९७८ साली रोग आणि रूपक यांच्या संबंधावर लिहिलेल्या ग्रंथाने, तसेच एमिली मार्टिन यांनी स्त्रीदेह आणि प्रतिकारशास्त्र यांच्या भाषेवर केलेल्या लेखनाने ही वाट पूर्वीच मळलेली आहे. तथापि, त्या दोघींचा भर रूपकांवर होता. येथे रूपकांइतकाच व्याकरणाकडेही निर्देश करावयाचा आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे उदराच्या आतील आवरणावर, बीजांडकोशांवर, कधी आतड्यांवर वा मूत्राशयावर आढळते, त्या अवस्थेला हे नाव आहे. पाळीच्या वेळच्या असह्य कळा, संभोगाच्या वा शौचाच्या वेळच्या वेदना, ओटीपोटातील सततचे दुखणे आणि पुष्कळदा वंध्यत्व ही त्याची लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत कित्येक वर्षे जातात, ही गोष्ट देशोदेशींच्या पाहण्यांत दिसून आली आहे. ज्या विकाराच्या निदानाला इतका काळ लागतो, त्याच्याविषयी कोणत्या शब्दांत बोलले जाते हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही.

२

विकाराचे वर्णन कार्ल रोकिटान्स्की यांनी १८६० साली केले असे सामान्यतः मानले जाते. त्याला आजचे नाव आणि आजची कारणमीमांसा दिली ती न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील शल्यचिकित्सक जॉन सॅम्प्सन यांनी, १९२०च्या दशकात. १९२७ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, पाळीच्या वेळी रक्ताबरोबर अस्तराचे कण बीजवाहिन्यांतून उलट्या दिशेने उदरात जातात आणि तेथे रुजतात. त्या निबंधाच्या शीर्षकात पसरण्यासाठी योजलेला शब्द लॅटिन भाषेतील बी पेरण्याच्या शब्दावरून आलेला आहे. आणि 'रुजणे' हे रूपक त्यानंतरच्या सर्व लेखनात कायम राहिले.

बीज आणि भूमी यांच्या या रूपकाने एक प्रश्न जन्माला घातला. हाल्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखविले की, पाळीच्या सुमारास तपासणी केलेल्या आणि बीजवाहिन्या खुल्या असलेल्या स्त्रियांपैकी ९० टक्क्यांच्या उदरद्रवात रक्त आढळते. उलटा प्रवाह जर जवळजवळ सर्वांच्याच ठिकाणी असेल, तर विकार दहांपैकी एकीलाच का व्हावा? बीज सर्वत्र पडते. मग काही भूमींतच ते का उगवते? उगवू न देणारा कोणी राखणदार असला पाहिजे आणि काही ठिकाणी तो कामात कुचराई करीत असला पाहिजे, हे उत्तर रूपकाच्या पोटातच दडलेले होते. प्रतिकारसंस्थेचा प्रवेश या कथेत झाला तो या राखणदाराच्या रिकाम्या जागेवर. म्हणजे पुरावा मिळण्यापूर्वीच त्याच्यासाठी वाक्यात जागा धरून ठेवलेली होती. हा आक्षेप नव्हे. विज्ञानात असे नेहमीच घडते. परंतु जागा रूपकाने निर्माण केली आणि नंतर ती पुराव्याने भरली, हा क्रम विसरून चालणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक उपशाखा फुटली आहे. चरकसंहितेतील चिकित्सास्थानात योनिव्यापदांच्या विवेचनात उदावर्ता नावाची एक अवस्था सांगितली आहे. तीत रज ऊर्ध्वगामी होते आणि कष्टाने बाहेर पडते. एवढ्यावरून सॅम्प्सन यांचा सिद्धांत चरकाला ठाऊक होता असे म्हणण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु तेथेच असेही म्हटले आहे की, रज बाहेर पडताच त्या स्त्रीला तत्क्षणी सुख वाटते. एंडोमेट्रिऑसिसचे दुखणे अनेक स्त्रियांत पाळी संपल्यावरही राहते, आणि काहींत ते पाळीवर अवलंबूनच राहत नाही. 'ऊर्ध्वगमन' आणि 'उलटा प्रवाह' या दोन शब्दांचे साम्य हे दोन सिद्धांतांचे साम्य नव्हे. प्राचीन निरीक्षणाचा मान राखण्यासाठी त्याच्या तोंडी आधुनिक वाक्य घालण्याची आवश्यकता नाही.

३

आता 'बिघाड' या शब्दाकडे वळू. ज्या इंग्रजी शब्दाचा हा अनुवाद आहे, त्याच्या आरंभी वाईटपणा दाखविणारा ग्रीक उपसर्ग आहे. बिघाड म्हणावयाचा तर आधी काम ठरलेले असले पाहिजे. तेव्हा पहिला प्रश्न हा की, प्रतिकारसंस्थेचे येथे काम कोणते?

'इम्युनिटी' हा शब्द मुळात वैद्यकाचा नाही. रोमन व्यवहारात ज्याला सार्वजनिक देणी वा कर्तव्ये माफ असत, त्याला 'इम्युनिस' म्हणत. आपल्याकडील माफी वा इनाम जमिनीच्या कल्पनेशी हा अर्थ जवळचा आहे. ज्याला एकदा देवी आल्या त्याला पुन्हा त्या 'माफ', असा तो वैद्यकात आला. पुढे १८८० नंतर मेचनिकॉफ यांच्या भक्षकपेशींच्या शोधाने त्या माफीला लढाऊ रूप आले आणि मराठीत 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द रूढ झाला. या मराठी सामासिक शब्दात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: समोर रोग आहे, त्याच्याशी सामना आहे, आणि सामन्याला लागणारी वस्तू म्हणजे शक्ती आहे. शक्ती कमी असते किंवा जास्त असते. ती 'वाढविता' येते. 'प्रतिक्षमता' हा पारिभाषिक पर्याय यापेक्षा संयत आहे, पण बोलण्यात तो उतरला नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास मॅक्फार्लेन बर्नेट यांनी 'स्व' आणि 'पर' यांच्या भेदावर प्रतिकारशास्त्राची मांडणी केली. पुढे लुईस टॉमस आणि बर्नेट यांच्या लेखनातून 'पहारा' ही कल्पना पुढे आली. शरीरात उद्भवणाऱ्या विकृत पेशी हेरून त्या नष्ट करणारी ही देखरेख होय. एंडोमेट्रिऑसिसच्या लेखनाने ही कल्पना जशीच्या तशी उचलली. परंतु येथे एक अडचण आहे, आणि तिचा उल्लेख फार थोडे लेख करतात. उदरात गेलेले अस्तराचे कण 'पर' नाहीत. ते त्याच स्त्रीच्या देहाचे आहेत. स्वकीय ऊतकावर हल्ला न करणे हेच तर प्रतिकारसंस्थेचे काम म्हणून सांगितले जाते. मग तो हल्ला झाला नाही, याला बिघाड म्हणावयाचे की कर्तव्यपालन? याचे उत्तर देता येणार नाही असे नव्हे. चुकलेल्या जागी पडलेल्या, मरू घातलेल्या स्वकीय पेशींचाही निरास करण्याची व्यवस्था शरीरात असते, असे सांगता येईल. परंतु मग 'पहारा' आणि 'शत्रू' यांची भाषा सोडून 'निरास' आणि 'सफाई' यांची भाषा धरावी लागेल.

पुराव्याच्या बाजूने पाहता, १९८१ साली डमोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी हा विकार असलेल्या ऱ्हीसस माकडांत पेशीनिष्ठ प्रतिकारक्रिया मंद असल्याचे नोंदविले. त्यांच्या शीर्षकातील शब्द 'न्यूनता' अशा अर्थाचा आहे. १९९१ साली ऊस्टर्लिंक आणि सहकाऱ्यांनी विकारग्रस्त स्त्रियांच्या नैसर्गिक मारक पेशी स्वतःच्याच अस्तराच्या पेशी मारण्यात कमी पडतात असे दाखविले. त्यांच्या शीर्षकात 'दोष' हा शब्द आहे. त्यानंतरच्या आढाव्यांत 'बिघाड' हा शब्द स्थिरावला. न्यूनता हे मोजमाप आहे, दोष हा निर्णय आहे, आणि बिघाड हे स्पष्टीकरण आहे. पुरावा ज्या पायरीवर होता त्याच पायरीवर राहिला. शब्द मात्र दोन पायऱ्या वर चढले.

शिवाय ही सर्व मोजमापे विकार झाल्यानंतरची आहेत. १९९३ साली याच ऊस्टर्लिंक गटाने विकारग्रस्त स्त्रियांच्या उदरद्रवातच प्रतिकारक्रिया मंदावण्याचा गुण असल्याचे नोंदविले. याचा अर्थ, मारक पेशींची मंदता ही विकाराची जननी असू शकते त्याप्रमाणेच कन्याही असू शकते. 'बिघाड' हे भाववाचक नाम मात्र कालदर्शक नाही. क्रियापद वापरले असते तर 'बिघडली आहे', 'बिघडली होती', 'बिघडत जाते' यांपैकी एक रूप निवडावे लागले असते, आणि ते निवडताना लेखकाला पुरावा द्यावा लागला असता. नामाने त्याची या त्रासातून सुटका केली.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मारक पेशी कमी काम करतात असे एका परिच्छेदात सांगून पुढच्याच परिच्छेदात हे लेख सांगतात की, उदरातील महाभक्षक पेशी संख्येने वाढलेल्या आणि अधिक उत्तेजित असतात. त्या पेशी इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आल्फा यांसारखी दाहजनक द्रव्ये आणि नवीन रक्तवाहिन्यांना चालना देणारी द्रव्ये स्रवतात. उंदरांवरील प्रयोगांत या पेशी काढून टाकल्या असता रोपण केलेल्या ऊतकाची वाढ खुंटते. म्हणजे एका पेशीने काम केले नाही आणि दुसरीने फार केले, या दोहोंनाही 'बिघाड' हेच नाव! ज्या शब्दात न्यून आणि अतिरेक दोन्ही सामावतात, त्या शब्दाने काहीही नाकारले जात नाही. आणि जो काही नाकारीत नाही, तो काही सांगतही नाही.

महाभक्षक पेशींच्या बाबतीत तर 'बिघाड' हा शब्द वस्तुस्थितीला सोडून आहे असेच म्हणावे लागते. जखम झाली असता मलबा उचलणे, नवीन वाहिन्या आणविणे आणि ऊतकाची डागडुजी करणे हे या पेशींचे नित्याचे काम आहे. प्रत्येक पाळीच्या वेळी गर्भाशयबाह्य ऊतकातही रक्तस्राव होतो, म्हणजे जणू दर महिन्याला जखम होते. आणि या पेशी तेथे जाऊन जखम भरू पाहतात. त्या काम चुकवीत नाहीत. त्या काम करतात, आणि त्या कामामुळेच नको असलेले ऊतक जगते. हे संकट बिघाडाचे नव्हे, नेकीने केलेल्या कामाचे आहे. ही गोष्ट ध्यानात आली म्हणजे उपचाराविषयीचा प्रश्नही बदलतो. 'शक्ती कशी वाढवावी?' हा प्रश्न निरर्थक ठरून 'डागडुजीचे हे आवर्तन कसे थांबवावे?' हा प्रश्न समोर येतो.

४

दुसरा शब्द 'दाह'. युरोपीय भाषांतील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पेट घेणे असा आहे. केल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सांगितली. अवयवाचे कार्य मंदावणे हे पाचवे लक्षण पुढे जोडले गेले. ही पाचही लक्षणे डोळ्यांना दिसणारी वा हाताला लागणारी, नाहीतर रुग्णाने स्वतः सांगावयाची होती. आज एंडोमेट्रिऑसिसच्या संदर्भात 'दाह' म्हणतात, तेव्हा बहुधा द्रवातील काही द्रव्यांची वाढलेली पातळी अभिप्रेत असते. शब्द तोच राहिला, परंतु त्याचा आधार बोटाखालून परीक्षानळीत गेला. या स्थलांतरात चार लक्षणांपैकी वेदना, म्हणजे केवळ रुग्णाच्या मुखानेच कळणारे लक्षण, मागे पडले. विकाराची प्रचलित श्रेणीव्यवस्था ऊतकाचा विस्तार आणि चिकटलेपणा मोजते. त्या श्रेणीचा आणि वेदनेच्या तीव्रतेचा मेळ बसत नाही, हे आता सर्वमान्य आहे. पहिल्या श्रेणीची स्त्री अंथरुणाला खिळलेली असू शकते आणि चौथ्या श्रेणीच्या स्त्रीला काहीच जाणवत नसेल.

मराठीत या एका कल्पनेसाठी तीन शब्द वावरतात. परिभाषेत 'दाह' आणि 'शोथ', आणि बोलण्यात 'सूज'. दाहाने जळजळीचा बोध होतो, आणि मराठी माणसाची जळजळ छातीत, पोटात नाहीतर लघवीच्या वेळी होते. शोथ हा शब्द संस्कृतात फुगण्याचा आहे. दवाखान्यात प्रत्यक्षात जे ऐकू येते ते 'पिशवीला सूज आहे' हे वाक्य. यातील 'पिशवी' म्हणजे गर्भाशय. एंडोमेट्रिऑसिसच्या दृष्टीने हे वाक्य दुहेरी चुकते. कारण व्याख्येनेच हा विकार पिशवीच्या बाहेरचा आहे, आणि जे घडते आहे ते केवळ सुजणे नाही. सूज म्हटली की ती उतरेल अशी अपेक्षा निर्माण होते, आणि पिशवी म्हटली की ती काढून टाकावी हा उपाय आपोआप सुचतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत आढळले. त्या स्त्रियांना एंडोमेट्रिऑसिस होता असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु ओटीपोटाच्या दुखण्याला आपल्या समाजात किती थोडे शब्द आहेत, आणि त्या थोड्या शब्दांपाठोपाठ किती ठरीव उपाय येतो, हे त्या आकड्यावरून कळावयास हरकत नाही.

दाहाच्या नावाने नैतिक निवाडा कसा होतो, याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास जो मेग्ज यांच्यासारख्या प्रतिष्ठित स्त्रीरोगतज्ज्ञांनी हा विकार उशिरा लग्न आणि उशिरा अपत्य यांच्याशी जोडला व लवकर विवाहाचा पुरस्कार केला. त्यातून सुस्थित, गोऱ्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा हा रोग अशी समजूत बळावली. कृष्णवर्णीय स्त्रीला तीच वेदना झाली असता मात्र तिच्यावर 'श्रोणिदाह' असे, म्हणजे बहुधा लैंगिक संसर्गातून येणाऱ्या रोगाचे निदान लावले जाई. डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, असे निदान झालेल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना वास्तविक एंडोमेट्रिऑसिस होता. एकीच्या दुखण्याला महत्त्वाकांक्षेचा दोष चिकटला, दुसरीच्या दुखण्याला चारित्र्याचा. 'दाह' हा शब्द तटस्थ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

५

आता राहिला 'भूमिका' हा शब्द, आणि सर्वांत अधिक काम तोच करतो. रंगभूमीवरील हा शब्द शास्त्रीय गद्यात आला, तो कार्यकारणसंबंध न सांगता सांगितल्यासारखा करण्यासाठी. ज्याची भूमिका आहे तो नायक असेल, खलनायक असेल वा भालदार-चोपदार असेल. भूमिका प्रत्येकालाच असते. पाणिनीने कारकांचा विचार करताना कर्ता, करण, अपादान असे भेद केले आणि कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले. मराठीतही 'दाहाने', 'दाहामुळे', 'दाहासह', 'दाहानंतर' हे चार प्रयोग चार निरनिराळी विधाने करतात. 'दाहाची भूमिका आहे' हा प्रयोग या चारही विधानांवर पांघरूण घालतो.

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला होता. घट घडविताना कुंभाराचा दंड हे निमित्तकारण. दंडाचा रंग तेथे नियमाने असतो, पण तो कारण नव्हे. आणि माती वाहून आणणारे गाढवही कधी तेथे असते, पण तेही कारण नव्हे. असे जे जवळ असूनही कारण नसते, त्याला ते अन्यथासिद्ध म्हणतात. एंडोमेट्रिऑसिसच्या उदरद्रवात सापडलेल्या प्रत्येक द्रव्याविषयी विचारावयाचा प्रश्न हाच आहे: हा दंड, दंडाचा रंग, की गाढव?

या कसोटीवर काही पुरावा पारखून पाहू. बबून जातीच्या वानरांत पाळीच्या वेळचे अस्तर उदरात सोडले असता विकारही निर्माण होतो आणि दाहाची चिन्हेही दिसतात. म्हणजे दाह हा निदान अंशतः ऊतकाच्या आगमनाचा परिणाम आहे. दुसऱ्या बाजूने, दाह विकाराला पोसतो याचाही पुरावा आहे. दाहात निर्माण होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य गर्भाशयबाह्य ऊतकात ॲरोमटेझ या विकराला चालना देते; त्यामुळे तेथेच इस्ट्रोजेन तयार होते; आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती वाढविते. हे वर्तुळ आहे. वर्तुळात कर्ता आणि कर्म यांची जागा सारखी बदलते, आणि म्हणूनच 'भूमिका' हे एकवचनी नाम येथे अपुरे पडते.

कारण ठरविण्याची सर्वांत कडक कसोटी म्हणजे ते काढून घेऊन पाहणे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आल्फा हा वेदनेचा कर्ता असेल, तर तो अडविल्यावर वेदना कमी व्हावयास हवी. कोनिंक्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक चाचणीत खोल एंडोमेट्रिऑसिस असलेल्या २१ स्त्रियांवर इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिपिंडाचा प्रयोग झाला. बनावट औषधाच्या तुलनेत वेदनेत लाभ दिसला नाही. चाचणी लहान होती, द्रव्य एकच होते, विकाराचा प्रकारही एकच होता. तेव्हा यावरून सर्व दाहविचार मोडीत काढणे अन्यायाचे होईल. तथापि, आढाव्यांत या द्रव्याची वाढलेली पातळी जितक्या ठळकपणे सांगितली जाते, तितक्या ठळकपणे हा निष्फळ प्रयोग सांगितला जात नाही, हे नमूद केले पाहिजे. दाहशामक गोळ्या या विकारात सर्रास दिल्या जातात. पण खास या विकारातील त्यांच्या उपयोगाचा चाचण्यांतून मिळालेला पुरावा फारच तोकडा आहे, असे २०१७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आले. प्रस्थापित उपचार आजही संप्रेरकांचे आणि शस्त्रक्रियेचेच आहेत.

अलीकडच्या संशोधनाने चित्र अधिक गुंतागुंतीचे केले आहे. २०२३ साली ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात या विकाराशी निगडित ४२ स्थाने आढळली, आणि अर्धशिशी, पाठदुखी यांसारख्या वेदनाविकारांशी त्याचे जनुकीय नाते असल्याचे दिसले. २०२५ साली ब्रिटनमधील यूके बायोबँकच्या माहितीवरून असे प्रसिद्ध झाले की, एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांत संधिवाताभ, मल्टिपल स्क्लेरोसिस, सीलिॲक यांसारख्या विकारांची जोखीम ३० ते ८० टक्क्यांनी अधिक असते. येथेही टक्केवारीची भाषा जपून वाचावयास हवी. ही वाढ सापेक्ष आहे. मुळात विरळ असलेला विकार ८० टक्क्यांनी वाढला तरी तो विरळच राहतो. पण या अभ्यासाचे मोल निराळेच आहे. त्यात 'सहचर' काय आणि 'समान मूळ' काय हे वेगळे करण्याचा यत्न आहे. 'भूमिका' या शब्दाने झाकलेले प्रश्न तेथे उघड विचारले गेले आहेत.

६

या विवेचनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. शास्त्राची सर्वच भाषा रूपकांची असते. 'पेशी', 'प्रवाह', 'संदेश' यांनाही मग हरकत घ्यावी काय? शब्द झिजून गुळगुळीत झाले की रूपक मरते, आणि तज्ज्ञ वाचक फसत नाही. हा आक्षेप निम्मा खरा आहे. प्रयोगशाळेतील संशोधक 'बिघाड' वाचून फसत नसेल. पण शब्द प्रयोगशाळेत थांबत नाही. तो आढाव्यातून पाठ्यपुस्तकात, तेथून दवाखान्यात आणि तेथून घरात येतो. आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्याचे मेलेले रूपक जिवंत होते. 'प्रतिकारसंस्थेचा बिघाड' हे घरी पोहोचता पोहोचता 'तुझी प्रतिकारशक्तीच कमी आहे' असे होते. मग शक्ती वाढविणारी चूर्णे, काढे आणि आहार यांची रांग लागते, आणि दुखणे कमी झाले नाही तर पथ्य पाळले नाही म्हणून दोष पुन्हा तिच्याच माथी येतो. लग्न उशिरा केले म्हणून दोष देणारी पिढी गेली असे मानले, तरी दोष ठेवण्याची जागा भाषेने राखून ठेवली आहे. आणि एवढे होईपर्यंत निदानाची आणखी काही वर्षे निघून गेलेली असतात.

यास्तव या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, 'बिघाड' हे एकच नाम न वापरता ज्या पेशीविषयी जे दिसले ते क्रियापदाने सांगावे. 'मारक पेशी अस्तराचे कण कमी प्रमाणात नष्ट करतात' आणि 'महाभक्षक पेशी त्या ऊतकाची डागडुजी करतात' ही दोन वाक्ये लांब असली तरी प्रामाणिक आहेत. दुसरी, 'भूमिका' हा शब्द जेथे येईल तेथे कारण, सहकारी कारण, परिणाम आणि सहचर यांपैकी कोणता अर्थ आहे हे लिहावे. कोणताच निश्चित नसेल तर तसेही लिहावे. तिसरी, 'दाह' हा शब्द परिभाषेत ठेवावा, पण रुग्णाशी बोलताना त्याचे भाषांतर 'पिशवीची सूज' असे करू नये. 'पाळीच्या अस्तरासारखे ऊतक पिशवीच्या बाहेर आहे, दर महिन्याला ते चिघळते आणि त्यामुळे दुखते' हे सांगावयास मराठी पूर्णपणे समर्थ आहे.

हे काम शब्दांच्या सोवळेपणाचे नाही. पदव्युत्तर विद्यार्थी जेव्हा आढावा लिहितो तेव्हा तो शंभर निबंधांचे एक वाक्य करीत असतो. आणि त्या एका वाक्यात कोणती माहिती गाळली गेली, हे पुढच्या वाचकाला कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक विधानाला चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: कोणी केले, कशावर केले, विकाराच्या आधी की नंतर, आणि ते अडविल्यावर काय झाले? या चार प्रश्नांना तोंड देणारे वाक्य कदाचित शीर्षकात मावणार नाही. परंतु ओटीपोट धरून बसलेल्या स्त्रीला सांगता येण्याजोगे वाक्य तेच असेल.